सतरा नंबरचा फाटा

दोह्यात उन्हाळा लागल्याची वर्दी मला बाथरूमचा नळ देतो. मे संपत आला की एखाद्या सकाळी थंड पाण्याच्या तोटीतून चहाला चालेल इतकं गरम पाणी येतं, कारण टाकी गच्चीवर आणि गच्ची म्हणजे तापलेला तवा. मग इथली सगळी माणसं करतात तेच आम्ही करतो. गिझर बंद करून टाकतो आणि त्यात साठून निवलेलं पाणी गार म्हणून वापरतो. पुढचे चार महिने घरात सगळं उलटं चालतं, लाल खुणेच्या तोटीला गार आणि निळ्या खुणेच्या तोटीला गरम. पाहुणे आले की त्यांना चहाच्या आधी हे शिकवावं लागतं.

या वर्षी तो चटका परवा बसला. हात झटकत मी उभी राहिले आणि मनात आलं, तिकडे आता बर्फ फुटला असेल.

तिकडे म्हणजे कॅनडाच्या पार वरच्या टोकाला, जिथे झाडं ठेंगणी होत होत शेवटी उगवायचीच थांबतात. तिथे एक नदी आहे. तिचं नाव मला आजही नीट उच्चारता येत नाही. मी तिथे कधी गेलेली नाही आणि जाईन असंही वाटत नाही. पण चार वर्षांपूर्वीचा एक अख्खा उन्हाळा, जून ते ऑगस्ट, दिवसाचे नऊ तास मी तिच्याकडे टक लावून बसले होते. त्या उन्हाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. चुका सगळ्यांच्याच होतात, तिचं मला इतकं काही नाही. चूक कळल्यानंतर मी जे केलं, ते मात्र मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, नवऱ्यालासुद्धा नाही.

काम असं होतं. आमचं ऑफिस नकाशे करतं. विमानातून काढलेले फोटो पडद्यावर मोठे करायचे आणि त्यात काय दिसतं त्यावर रेघा मारायच्या: हे पाणी, ही वाळू, हे जंगल, ही दलदल. त्या नदीच्या काठाने एक रस्ता व्हायचा होता. रस्त्याला खडी लागते आणि गोठलेल्या मुलखात खडी मिळते ती नदीच्या पात्रातच. मुख्य प्रवाहाला हात लावायची परवानगी नव्हती. नदीचे जे फाटे कायमचे कोरडे पडलेत तेवढ्यांतूनच खडी काढायची, असं ठरलं होतं. कोणता फाटा जिवंत आणि कोणता मेलेला, हे नकाशा सांगणार आणि नकाशा मी करणार. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. इथे तर उंटही होते.

पहिल्या दिवशी नदी बघितली तेव्हा मला हसूच आलं. आमच्या कृष्णेला एक रीत आहे. ती वळते, पण वळताना पदर सावरून वळते. ही बया दोन-दोन मैल पसरलेली. एकाचे सात प्रवाह व्हायचे, सातांचे पुन्हा तीन, मध्ये वाळूची बेटं, बेटांवर खुरटी वाळुंजं, मागे टोकदार सूचिपर्णी झाडांचं काळपट रान. कुठे काठ खचलेला आणि झाडं दारुड्यांसारखी एकमेकांच्या अंगावर रेललेली, कारण खालची जमीन बारमाही गोठलेली असते आणि वरचा थर वितळला की झाडांना धड उभं राहता येत नाही. जुन्या वळणांची तुटून राहिलेली तळी. इतकी तळी, की मोजता मोजता मी दोनदा चुकले.

माझी मुलगी ईरा तेव्हा नऊ वर्षांची होती. एकदा तिला शाळेतून थेट ऑफिसात आणावं लागलं. माझ्या खुर्चीच्या दांडीवर बसून ती पडद्याकडे बघत राहिली. तिचा जन्म दोह्यातला. नदी हा शब्द तिला पुस्तकातला.

"व्हाय डझ इट गो एव्हरीव्हेअर?" ती म्हणाली. "कान्ट इट डिसाइड?"

"नदीला ठरवावं लागत नाही गं. पाणी येतं तसं जाते ती."

"बट समवन हॅज टु डिसाइड, ना?"

मी तिला खाली उतरवलं आणि बिस्किटाचा पुडा दिला.

बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर. जूनमध्ये शमाल वारा सुटायचा आणि समोरच्या इमारती धुळीत बुडून जायच्या. ऑगस्टमध्ये वारा पडायचा आणि समुद्राची वाफ शहरावर बसायची. इमारतीच्या दाराबाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर धुकं. दुपारी रस्त्यावरची कामं सरकारी नियमाने बंद, माणसं मिळेल त्या सावलीला अंग टाकून पडलेली. आणि मी आत शाल पांघरून, एसीच्या थेट झोतात, फोटोतल्या पांढऱ्या ठिपक्यांवर एकेक निळी टिकली लावत बसलेली. ते ठिपके हंस होते. इतक्या वरून त्यांना मान नसते, पाय नसतात, नुसता तांदळाचा दाणा दिसतो. पण जोडी ओळखू येते. दोन दाणे नेहमी तेवढ्याच अंतरावर असतात. काही तळ्यांत काळा मोठा ठिपका असायचा. तो मूस, म्हणजे आपल्या म्हशीहून उंच असं हरीण, पोटापर्यंत पाण्यात उभं राहून तळाचं गवत खाणारं. वाळूवर कॅरिबूंच्या, म्हणजे कळपाने फिरणाऱ्या तिकडच्या हरणांच्या, वाटा दिसायच्या, केसांसारख्या बारीक, शेकडो, सगळ्या एकाच ठिकाणी पाण्यात उतरणाऱ्या. मला त्या उन्हाळ्यात तिथे बरं वाटायचं. हे स्पष्टच सांगते, कारण पुढचं कळायला ते लागेल. मला ती नदी आवडायला लागली होती.

आता चुकीबद्दल.

माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा निरीक्षक होते. कृष्णाकाठची सगळी गावं त्यांनी सायकलवर पालथी घातली. श्रावणात ते मला कधीकधी बरोबर न्यायचे. त्यांचा एक नियम होता: श्रावणात ज्या ओढ्याला पाणी नाही तो ओढा मेला, त्याच्यावर कागद खराब करायचा नाही. तो नियम मी दूधभातासारखा खाल्लेला. त्यातून कृष्णाकाठचं माणूस म्हणजे नदीच्या बाबतीत जरा आगाऊच. आम्हाला कुणी पाणी शिकवायचं नाही. कुठेही जा, पळसाला पानं तीनच.

आमच्या कामाच्या पुस्तिकेतही जवळपास तोच नियम लिहिला होता. पुराच्या हंगामातल्या फोटोत पाणी नसेल तर फाटा 'इनअ‍ॅक्टिव्ह' धरावा. माझ्याकडे आदल्या वर्षीच्या फोटोंचे दोन संच होते, एक मे अखेरचा आणि एक ऑगस्टच्या सुरुवातीचा. मी क्षणभरही थांबले नाही. पुराचा हंगाम म्हणजे आषाढ-श्रावण. मे म्हणजे भेगाळलेली जमीन, तळ गाठलेल्या विहिरी. मी ऑगस्टचा संच उघडला, मेचा बाजूला ठेवला आणि जिथे कोरडे गोटे दिसले तिथे तिथे लाल रंग भरत गेले. एकूण एकवीस फाटे मारले मी. त्यात सतरा नंबरचा सगळ्यात लांब, मुख्य प्रवाहापासून सुटून थेट तळ्यांच्या एका मोठ्या झुबक्याकडे गेलेला.

आणि हे काही मी एकटीने केलं नाही. नकाशा तिघांनी तपासला. एक मुलगी फिलिपिन्सची, एक जण बांगलादेशचा आणि वर आमचे साहेब, जॉर्जसर, केरळचे. सगळे हुशार, सगळे काटेकोर. कुणालाही काही खटकलं नाही. चौघंही पावसाळ्याच्या देशातले होतो.

एकाच माणसाने तेव्हा काहीतरी म्हटलं होतं. माणिकराव, आमच्या ऑफिसची गाडी चालवायचे. बीडकडचे, मुऐदरमध्ये आणखी पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचे. उन्हाच्या वेळी गाडीत थांबणं शक्य नसायचं, म्हणून वर येऊन माझ्या टेबलाशेजारी पाणी पीत बसायचे. मराठी बोलायला मिळतं हेही एक कारण. मी लाल रंग भरताना त्यांनी विचारलं, "ताई, ह्ये लाल काय?"

"मेलेले फाटे. पाणी नाही त्यांना."

"आमच्या गावची नदी धा महिने कोरडीच ऱ्हाती. मंगळवारचा बाजार भरतो तिच्यात. पर पात्रात घर बांधलंय का कुनी? न्हाई बांधलं. तेवढी छाती न्हाई कुनाची."

"अहो, ती तुमची मराठवाड्याची नदी," मी म्हटलं. "तिला नदी म्हणायचं म्हणून म्हणायचं."

ते हसले. मीही हसले. कृष्णाकाठची ना मी. आज त्या हसण्याची लाज वाटते.

दुसरंही एक माणूस सांगत होतं, पण ते कागदावर. नदीच्या खालच्या अंगाला एक छोटी वस्ती होती आणि तिथली अ‍ॅग्नेस नावाची एक म्हातारी बाई कामासाठी आदल्या वर्षीपासून स्थानिक निरीक्षक म्हणून नेमलेली होती. ती दर आठवड्याला एक पान लिहायची. ते स्कॅन होऊन आमच्यापर्यंत यायचं. मी जुलै-ऑगस्टची पानं वाचायचे, आणि खरं तर कामापेक्षा गारव्यासाठी वाचायचे. आज पलीकडच्या काठावर नर मूस, शिंगांवरची साल निघायला लागली आहे. आज पाण्याला वाळुंजाचा वास. आज जाळ्यात काही नाही, पण बीव्हरने माझी दोरी कापली, मी त्याला शिव्या दिल्या, त्याने शेपटी आपटली. असं लिहायची ती. ऑफिसच्या कागदात कुणी शिव्यांचा उल्लेख केलेला मी प्रथमच पाहिला. मे महिन्याची पानंही त्याच फोल्डरमध्ये होती. ती मी उघडली नव्हती. मेमध्ये बघायचं काय?

जमिनीवरून काढलेले काही फोटोही होते. सतरा नंबरच्या काठावरच्या झाडांची साल एका बाजूने सोलून निघालेली, दोन पुरुष उंचीवर. मी त्यावर टीप लिहिली होती: अस्वल.

जुलै संपता संपता नकाशे तिकडे गेले.

ऑगस्टमध्ये उरलेलं किरकोळ काम होतं, काठाची धूप मोजायची. त्यासाठी मी मेचा संच प्रथमच उघडला. गुरुवार होता, म्हणजे इथला आठवड्याचा शेवटचा दिवस, लोक जेवणानंतर निघायच्या तयारीत. पडद्यावर फोटो उमटला आणि मला वाटलं, चुकीची फाइल आली. माझी नदी नव्हतीच ती. काठापासून काठापर्यंत पांढऱ्या करड्या लाद्या, एकेक आमच्या फ्लॅटएवढी, एकमेकींवर चढलेल्या, आणि त्यांच्या मागे तुंबलेलं पाणी रानात शिरलेलं. माझे एकवीसच्या एकवीस लाल फाटे दुथडी वाहत होते. सतरामधून पाणी आणि बर्फ थेट त्या तळ्यांच्या झुबक्यात उतरत होतं.

मग मी अ‍ॅग्नेसची मेची पानं उघडली. ती नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते. वितळायला सुरुवात होते ती वर, उगमाकडे, कारण तिकडे ऊन आधी पोहोचतं. मुखाकडे नदी अजून दगडासारखी गोठलेली. वरून सुटलेलं पाणी आणि बर्फ खाली येऊन अडतं, तुंबतं, काही तासांत दोन-तीन माणसं उंच चढतं आणि वाट मिळेल तिकडे घुसतं. तो तिचा पूर. वर्षातून एकदाच, चारसहा दिवस. त्या चार दिवसांत ते फाटे तळ्यांना वर्षाचं पाणी देऊन येतात. पाईक मासा त्या कोवळ्या बुडलेल्या गवतात अंडी घालतो. तळी भरली तरच हंस घरटं करतात, पाण्यातले मोठे उंदीर तरतात, मूस आपलं पिल्लू घेऊन येते. ऑगस्टपर्यंत फाटे कोरडे होतात. काम झालेलं असतं त्यांचं. आणि झाडांची साल अस्वलाने नाही, बर्फाच्या लाद्यांनी सोललेली होती.

अ‍ॅग्नेसने एका पानावर लिहिलं होतं, आज चार वाजता बर्फ सुटला, माझी आई या आवाजाला उभी राहायची, मीही उभी राहिले.

मी खुर्चीतच होते. सामायिक तक्ता उघडून पुढचं वेळापत्रक पाहिलं. खडीसाठी पहिलं खोदकाम सतरा नंबरमध्ये होतं, आठवड्याभरातच सुरू होणार होतं.

आता तुम्ही म्हणाल, फोन उचलायचा होता. मीही तेच म्हणते. पण त्या महिनाअखेर माझा करार संपत होता आणि नवं पत्र अजून हातात नव्हतं. माझे यजमान सुहास ज्या प्रकल्पावर होते तो ऑक्टोबरमध्ये गुंडाळणार होता, त्यांचं पुढचं काही ठरलेलं नव्हतं. दोघांपैकी एकाची तरी नोकरी राहिली तर ईराची शाळा आणि आमचं इथलं घर राहणार होतं. एकवीस फाटे चुकीचे रंगवणाऱ्या बाईला कोण पत्र देतं?

मी जॉर्जसरांच्या केबिनमध्ये गेले, एवढं खरं. पण सरळ बोलले नाही. म्हटलं, "सर, समजा एखाद्या चॅनलचा क्लास बदलावा लागला तर?"

ते लॅपटॉप बॅगेत घालत होते. "क्लायंटला गेलं ना? खलास. अब उसको मत छेड़ो. रिव्हिजन आएगा तब देखेंगे, इन्शाल्ला."

"ओके सर," मी म्हटलं. त्यांना मी काय विचारतेय ते कळलं नव्हतं, आणि ते कळू नये अशाच बेताने मी विचारलं होतं. पण पुढचे किती दिवस मी स्वतःला सांगत राहिले की साहेबांनीच नको म्हटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवारी नेहमीप्रमाणे वडिलांना फोन केला. इकडचं तिकडचं झाल्यावर सगळं सांगितलं, कुणाला तरी सांगायलाच हवं होतं. ते बराच वेळ ऐकत होते.

"अगं, तो नियम आपल्या ओढ्यांचा," ते म्हणाले. "मी तरी नव्या हद्दीत गेलो की आधी तिथल्या पाणक्याला विचारायचो, बाबा, तुझं पाणी कधी येतं? तू विचारलंस का कुणाला?"

"तिकडे कुणाला विचारणार बाबा?"

"कुणीच राहत नाही का तिथे?"

मी फोन एका कानावरून दुसऱ्या कानाला नेला.

"बरं, मग आता कळवलंस त्यांना?"

"कळवते."

"कळवते म्हणजे?"

मी म्हटलं, आवाज तुटतोय तुमचा, आणि फोन ठेवला. त्यांचा आवाज स्वच्छ येत होता.

त्या संध्याकाळी आम्ही सूक वाकिफला गेलो. मसाले घ्यायचे होते. तिथे पक्ष्यांच्या गल्लीत ईरा पिंजऱ्यातल्या बदकांपुढे थांबली. दोन पांढरी बदकं जाळीला चोच लावून उभी होती, तोंडं उघडी, उकाड्याने धापा टाकत. ईरा म्हणाली, त्यांना पाणी कुठे आहे? दुकानदाराने वाडगं दाखवलं, कोरडं होतं. त्याने लगेच भरलंही, हसून, "यल्ला, यल्ला" म्हणत. इतकं सोपं होतं ते. मी सुहासना म्हटलं, मला बरं वाटत नाही, घरी जाऊ या. सगळ्या वाटेत मला रडू येत होतं आणि त्यांना वाटलं मला ऊन बाधलं.

रविवार आला, सोमवार आला. मी रोज ऑफिसात गेले. रोज तो तक्ता उघडला. बुधवारी सतरा नंबरच्या पुढे पिवळी खूण आली, म्हणजे यंत्रं पोहोचली. गुरुवारी हिरवी झाली. मी धुपीच्या रेघा मारत होते, आणि त्या अगदी अचूक मारत होते. माणिकराव एकदा म्हणाले, "ताई, जेवलात का न्हाई? तोंड उतरलंय." मी म्हटलं, उपास आहे. कोणत्या वाराचा उपास, ते त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी मनुष्यबळ विभागातून पत्र आलं. दोन वर्षांचा करार. मी सही केली. सोमवारी सकाळी सव्वासातला, ऑफिसात कुणी यायच्या आत, मी ईमेल लिहिली. सरळ लिहिली, चूक काय, कशी झाली, कोणते फाटे, सोबत मेचे फोटो. अकरा दिवस मला जे जमत नव्हतं ते लिहायला वीस मिनिटं लागली.

आणि काहीही झालं नाही. हे सगळ्यात वाईट. जॉर्जसर थोडे चिडले, "मेल करने से पहले मुझे बोलना था ना," मग फोटो पाहून स्वतःच डोक्याला हात लावून बसले. "आय ऑल्सो चेक्ड इट," ते म्हणाले. "आय ऑल्सो." तिकडच्या साहेबांनी उलट आभार मानले. पत्राला काही धक्का लागला नाही. लागलाही नसता, बहुतेक. अकरा दिवस मी ज्या भुताला भ्यायले ते भूत नव्हतंच. असतं तर निदान तेवढा तरी आधार झाला असता.

आता चार वर्षं झाली. ते काम आमच्या ऑफिसातून गेलं, पुढच्या मेचे फोटो मला बघायला मिळाले नाहीत. सतरा नंबरचं काय झालं, मला माहीत नाही. कधी वाटतं, दोन माणसं उंच चढणाऱ्या बर्फापुढे यंत्रांनी टाकलेल्या मातीच्या ढिगाऱ्याची काय मजाल, पहिल्याच वर्षी त्याने फोडून टाकला असेल. कधी वाटतं, तसं झालं नसेल. तळं एकदम आटत नाही म्हणे. आधी कडेने गवत पुढे सरकतं, मग एका वर्षी पाणी इतकं उथळ होतं की हिवाळ्यात तळापर्यंत गोठतं आणि आतलं सगळं एका थंडीत संपतं. मग वाळुंज येतं. हे सगळं व्हायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे अजून चालू असेल. मी इथे भाजी निवडताना, ईराचा गृहपाठ बघताना, तिथे हंसांची एक जोडी उन्हाळ्याच्या सुरुवातीला येऊन, एक चक्कर मारून, दुसरीकडे जात असेल.

ईमेलनंतर बुधवारी एक मीटिंग झाली, पडद्यावरची. इथे संध्याकाळचे सहा, तिकडे सकाळ. जॉर्जसर माझ्या शेजारी. तिकडचे तीन-चार साहेब आणि एका चौकटीत अ‍ॅग्नेस. मी तिला प्रथमच पाहत होते. पांढरी बारीक वेणी, जाड चष्मा, मागे लाकडी भिंतीवर अडकवलेलं जाळं. कॅमेऱ्याच्या फार जवळ बसली होती ती, त्यामुळे नुसतं कपाळ आणि डोळे दिसत होते. साहेबांनी ठरलं ते सांगितलं: एकवीसही फाटे पुन्हा जिवंत धरले, खोदकाम थांबवलं. मग अ‍ॅग्नेसला विचारलं, तुला काही म्हणायचंय का?

"वीस वाचले," ती म्हणाली. इंग्रजी संथ होतं तिचं, शब्द नीट ठेवत बोलायची. "सतराचं तोंड बुजलंय. आतून काढलेली माती त्यांनी तोंडाशीच टाकली. मी बोटीतून बघून आले. मोठा ढीग आहे. माझ्या आईची जाळी तिथे लागायची, वसंतात."

तिकडच्या एका साहेबाने काहीतरी टिपून घेतलं.

"ही चूक शोधली ती बाई कोण?"

जॉर्जसरांनी माझ्या खांद्याला हात लावला. मी म्हटलं, "मी. माझीच चूक होती. आमच्याकडे पूर पावसाने येतो, मला वाटलं..."

"हो, ते वाचलं मी," ती म्हणाली. रागावली नव्हती. "पावसाने येतो. बघायला हवं एकदा. मला एवढंच सांग, तुला कळलं कधी?"

साधा प्रश्न होता. तिला दिवस लावून बघायचे होते, बस. ढीग गुरुवारी पडला होता, ते तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी पडद्यापुढे बसून तिचंच पान वाचत होते.

"रविवारी," मी म्हटलं.

तिने मनातल्या मनात दिवस मोजले. ओठ हलले तिचे. मग तिचे डोळे निवळले, आणि ती थोडी मागे सरकली, त्यामुळे तिचा सगळा चेहरा पहिल्यांदा दिसला.

"मग तुझ्या हातात नव्हतं," ती म्हणाली. "तुझ्याआधीच झालं होतं ते. तू मनाला लावून घेऊ नकोस, पोरी. तुला कळलं आणि दुसऱ्याच दिवशी तू सांगितलंस. इतक्या वर्षांत असं कुणी केलं नव्हतं. थँक यू."

सगळे माझ्याकडे बघत होते.

"यू आर वेलकम," मी म्हटलं.